आधी रोगी, मग औषध

माझ्या दवाखान्याची पहिली पाटी घेऊन रंगारी आला, तेव्हा मी त्याला दारातूनच परत पाठवला होता. पाटीवर माझं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि त्याच्या वर गुटगुटीत बाळ मांडीवर घेऊन बसलेली गुलाबी गालांची बाई. खाली तांबड्या रंगात ठसठशीत, 'स्त्रियांच्या सर्व विकारांवर खात्रीचा इलाज'. रंगारी भलताच खूश होता. चित्र आपल्यातर्फे भेट, म्हणाला.

"अरे बाबा, ही पाटी लावली तर माझं नाव सरकारी रजिस्टरातून उडेल!"

त्याला काही उमजेना. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करायची नाही, असा नियम. नाव, पदवी, वेळ, संपलं. "मग तुम्ही कशाच्या डॉक्टर ते लोकांना कळणार कसं?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणूनच मी त्याच्यावर आणखीच डाफरले. शेवटी कुरकुरत त्याने ती बाई आणि ते बाळ पांढऱ्या रंगाखाली गडप केलं.

हे वाकोल्यातलं, एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतलं. उपनगर नुकतंच शहराला जोडलं गेलं होतं, पण शहर काही अजून आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. सांताक्रुझ स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालू लागलं की तबेले, भाजीचे मळे, ख्रिस्ती लोकांची कौलारू घरं, आणि मध्येमध्ये नव्या बैठ्या चाळी. डोक्यावरून एरोड्रोमची विमानं इतकी खालून जायची की रोग्याच्या छातीवरचा स्टेथास्कोप धरून मी नुसती वाट बघत बसायची. चाळीच्या टोकाची रस्त्यावरची खोली मी दवाखान्यासाठी घेतली होती. पुढे बाकडं, मध्ये जाड सुती पडदा, पडद्यामागे माझं टेबल आणि तपासायचा बाक. औषधांची खिडकी बाजूला, तिथे कंपाउंडर.

मी त्याआधी अंधेरीच्या एका वयस्कर डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी केली होती. ते तापट होते, पण त्यांच्याइतका स्वच्छ माणूस मी धंद्यात पाहिला नाही. इंजेक्शन कसं द्यायचं हे त्यांनी मला एकदाच दाखवलं. नियम मात्र रोज घोकून घेतले. विषारी औषधं कुलपात. स्पिरिटचा थेंबन्‌थेंब लिहून ठेवायचा, कारण दारूबंदीचा इन्स्पेक्टर कधी टपकेल नेम नाही. खोटं सर्टिफिकेट द्यायचं नाही. खोटं नाव लिहायचं नाही. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, मग तो नवरा असो की बाप. आणि रोगी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय औषध द्यायचं नाही. हा शेवटचा नियम ते टेबलावर हात आपटून सांगायचे.

मी त्यांची चेली. पहिल्याच दिवशी खिडकीवर पुठ्ठा लावला, 'आधी रोगी, मग औषध'.

आता त्या काळची रीत ज्याला माहीत आहे, त्याला हसू येईल. तेव्हा अर्धं गाव निरोपावर औषध घ्यायचं. घरातून कुणीतरी धुतलेली रिकामी बाटली घेऊन यायचं, "बायकोला ताप आहे", "बापाचं पोट बिघडलंय" म्हणायचं. कंपाउंडर बाटलीत लाल नाहीतर पिवळं मिक्श्चर भरायचा, बाहेरून डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा, की झालं. रोगी घरी, औषध घरी, डॉक्टरने तोंडही पाहिलेलं नाही. बायकांच्या बाबतीत तर हे हटकूनच. खारदांड्याहून मासे विकायला येणाऱ्या एका कोळणीने मला तोंडावर सांगितलं होतं, "बाय, मावरा टाकून दुखणं दाखवाया येऊ का मी?" आणि नवऱ्याला बाटली देऊन पाठवलं.

रस्त्यापलीकडे दुसरे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे बाटली पुढे करा, औषध घ्या. सर्टिफिकेटंही तशीच. शिमगा जवळ आला की वाकोल्यातल्या निम्म्या कोकणी पुरुषांना आव व्हायची. एकजण तर माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "बाई, मला ताप येणार आहे. सोमवारपासून." मी म्हटलं, "मग सोमवारी या." तो समोर गेला, आणि शिमग्याला व्यवस्थित गावी पोचला.

माझे कंपाउंडर वडिलांच्या वयाचे. ते रिकाम्या बाकड्याकडे बघून उसासे टाकायचे. "बाई, नियम चांगले आहेत हो. पण नियम काय भाकरीबरोबर खायचेत? अशानं वाट लागेल आपली."

"लागू दे."

असं म्हणायची खरी. पण घरी जाताना दिवसाची मिळकत दोनदा मोजायची.

अशात ती आली. शिमग्याच्याच दिवसांत, सकाळी. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, पन्नाशी उलटलेली, चेहरा ताठ. हातात धुऊन लख्ख केलेली बाटली. खिडकीकडे न जाता ती सरळ पडद्यामागे आली आणि बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"सुनेक अंगावर जाता. औषध दी."

"कधीपासून?"

"झाले महिने."

"सुनेला घेऊन या. तपासते."

"ती येवची नाय. घरात काम आसा. मी सांगतंय मां सगळा."

"तुम्ही सांगून कसं चालेल? दुखणं तिचं आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मला आजही आठवतं. त्यात राग होता, असं मला तेव्हा वाटलं. "समोरचो डॉक्टर न बघता देता. गुण नाय म्हणान तुझ्याकडे इलंय. बाईमाणूस म्हणान इलंय. आणि तू माका कायदो सांगतंस?"

"हो. कायदाच सांगते. बघितल्याशिवाय एक थेंब देणार नाही."

"ठेव तुझो कायदो तुझ्याकडे!" तिने बाटली उचलली. उचलताना तिचा तळहात दिसला. पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा. कोकणातल्या गरीब घरातली बाई, पोटभर जेवत नसेल, असं मनात आलं, आणि तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. ती गेली तरी मी बराच वेळ धुमसत होते.

दोन-चार दिवसांनी तिची जाऊ आली. जाऊ म्हणजे चुलत. त्याच चाळीत राहणारी, गुडघे धरलेली, आणि तोंडाला बांध नसलेली. गुडघ्याला मलम आणि जिभेला मोकळं रान, या दोन गोष्टींसाठी ती दर आठवड्याला यायची. मुंबईत उभा जन्म गेलेला, त्यामुळे बोलणं पक्कं मुंबईचं.

"बाई, आमची जाऊ येऊन गेली ना? ऐकलं मी. अहो, त्या सुनेचं काही खरं नाही. सदानकदा फडकी वाळत असतात. आम्हाला काय डोळे नाहीत? लग्नाला इतकी वर्षं झाली, कूस उजवली नाही, आणि आता हे. आमच्या पुतण्याचं वाटोळं झालं बघा. एरोड्रोमवर चांगला कामाला आहे पोरगा. गावाकडे एक मुलगी बघून ठेवलीय मी."

"दुसरं लग्न? आजी, तुरुंगात जाईल तो. कायदा झालाय केव्हाच."

"तो तुमचा मुंबईचा कायदा. गावात कोण विचारतंय?"

"गाव रत्नागिरी जिल्ह्यातच ना? तो पण मुंबई राज्यातच आहे."

"असू दे," ती गुडघा चोळत म्हणाली. "सोडचिठ्ठी देता येते की. आजारी बायको म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?"

ती गेल्यावर मला त्या न पाहिलेल्या सुनेची काळजी लागली. कुणीतरी पोर तिकडे रक्ताने हैराण झाली आहे, सासू तिला डॉक्टरकडे आणत नाही आणि चुलतसासू तिच्या जागी दुसरी उभी करते आहे. माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार होतं. सासू म्हणजे कैदाशीण. मी मनातल्या मनात तिला फैलावर घेतलीसुद्धा.

आणि पुढच्याच आठवड्यात सासू सुनेला घेऊन हजर. नेमकी ती गुडघेवाली जाऊही बाकड्यावर बसलेली, शेजारी चाळीतल्या आणखी दोघी-तिघी. सुनेला बघून सगळ्यांची कुजबुज थांबली. मी सुनेला पडद्याआड घेतलं. सासूला म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा." ती मुकाट बसली.

सून पंचविशीची असेल. पदर खांद्यावर घट्ट ओढलेला. मी हळू आवाजात विचारत गेले, ती तितक्याच हळू सांगत गेली. गणपतीपासून अंगावर जातंय. आधी थोडं, आता रोजचं. कंबर भरून येते. वास येतो. सगळं घडाघडा, कुठेही अडखळणं नाही. मला तेच खटकलं. बाई पहिल्यांदा असलं काही सांगते तेव्हा शब्द असे रांगेत उभे राहून येत नाहीत.

"डोळे वर कर."

पापणी ओढून पाहिली. आत लालबुंद. नखं गुलाबी. गणपतीपासून शिमग्यापर्यंत रक्त जाणाऱ्या बाईची नखं अशी? मी तिला बाकावर आडवी केली आणि ओटीपोटावर हात ठेवला. पुढचं तपासायची फारशी गरजच उरली नाही, तरी तपासलं. रक्ताचा मागमूस नव्हता.

"पाळी कधी चुकली तुझी?"

तिने डोळे गच्च मिटले. मग दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. "बाहेर ऐकू जाईल. हळू बोला ना."

"अगं, तुला दिवस गेलेत. चौथा सरत आला असेल. घरात सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू?" ती कुजबुजली. "सगळ्या चाळीला वाटतं मला सदा जातं. मग चुकली म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? आणि पहिलं एकदा राहिलं होतं, ते टिकलं नव्हतं. म्हटलं, आधी बघू. दृष्ट लागायला नको."

"ती फडकी कुणाची?"

तिने मान वळवली. नुसती पडद्याकडे बघत राहिली. पडद्याखालून बाकड्यावरच्या बायकांचे पाय दिसत होते, आणि त्या पायांत दोन पाय फार पांढरे होते.

मला तो पिठासारखा तळहात आठवला. आधी रोगी, मग औषध! आणि रोगी बाटली घेऊन माझ्या समोर उभा होता आणि मी त्याला कायदा ऐकवत होते.

मग तुकड्यातुकड्याने सगळं बाहेर आलं. सासूची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. गणपतीच्या सुमाराला पुन्हा रक्त दिसलं. विधवा बाई, या वयात हे. कुणाला सांगायचं? चाळीत एका नळावर सगळ्या बायका. फडकं धुवायला नेलं की चार डोळे वळतात. सून म्हणाली, आई, मी धुते. धुतली. बायकांनी विचारलं, काय गं, फार जातंय का? ती हो म्हणाली. एकदा हो म्हटल्यावर ते तिच्याच नावावर चढलं.

"नवऱ्याला?"

"ते बायकांच्या गोष्टीत पडत नाहीत. सकाळी जातात ते संध्याकाळी येतात."

"आणि देवाचं?"

हे मी विचारलं, कारण मी त्याच समाजातली. अशा घरात विटाळ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. सून खिन्न हसली. बायकांच्या हिशेबी विटाळ सुनेला, म्हणून दार उघडं असेल तेव्हा ती कोपऱ्यात वेगळ्या पाटावर बसायची, ताट वेगळं, तांब्या वेगळा. दार लावलं की उठून देवापुढे दिवा तीच लावायची. सासू दार उघडं असताना देवासमोर लांबून हात जोडून उभी राहायची, लोकांनी पाहावं म्हणून. दार लागलं की ती कोपऱ्यात जाऊन बसायची. नवऱ्याला वाटे, आईचं वय झालं, म्हणून बायको दिवा लावते. असे महिने काढले होते त्या दोघींनी.

सांगू का असं सुनेला विचारलं, ती हो म्हणाली, तेव्हा मी सासूला आत बोलावलं. ती आली, सुनेकडे एकदा बघून माझ्याकडे वळली. "बघलंस मां? आता दी औषध."

मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि कानाशी वाकून म्हटलं, "सुनेला काही झालेलं नाही. तिला दिवस गेलेत."

ती ऐकून घेताना तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तिने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान खाली घालून हो म्हटलं. आणि त्या ताठ बाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. खांदे गदगदत होते.

"देवान कोप करूक नाय!" ती पदरातूनच म्हणाली. "करूक नाय गे बाये, कोप करूक नाय!"

मला अर्थ लागेना. सुनेने सांगितला. गणपतीत सून माहेरी अडकली होती. त्या दिवशी सकाळीच सासूला रक्त दिसलं, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. मोदक कोण करणार? नैवेद्य तिच्याच हातचा गेला. बोलली असती तर घरचा गणपती नैवेद्यावाचून राहिला असता. बोलली नाही तर देव बाटला. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं, देव रागावला. सुनेची कूस आता कायमची बंद झाली ती आपल्या पापाने. दुखणं थांबत नाही तेही त्याचंच फळ, ते भोगलंच पाहिजे. बाटलीभर औषध मिळालं तर बरं, पण दाखवायचं नाही, कारण दाखवलं की सांगावं लागणार.

आता सुनेच्या पोटात पोर होतं, आणि तेही त्या गणपतीनंतर राहिलेलं. मी विज्ञानाची माणूस. देवाचा कोप आणि गर्भ यांचा संबंध नाही, हे तिला समजावायला तोंड उघडलं होतं, आणि देवाशपथ सांगते, पहिल्यांदाच अक्कल वापरून मी गप्प बसले.

"आता तुम्हाला तपासू द्याल?"

तिने मान डोलावली.

मी टॉर्च लावून पाहिलं. पुस्तकात ज्याचं चित्र पाहून आम्ही मुली नजर वळवायचो, ते होतं. गर्भाशयाच्या तोंडाशी, हात लावला की भळभळणारं. फार पुढे गेलेलं नाही, अगदी सुरुवातीचंही नाही. तिला कपडे नीट करायला सांगून मी हात धुतले, जरा जास्तच वेळ धुतले.

"हे माझ्या औषधाचं काम नाही. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. तिथे किरण देतात. गेलात तर रक्त थांबेल. नाही गेलात तर..."  तिला कळलं.

"जातंय," ती म्हणाली. मी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. तोच तिने कागदावर हात ठेवला. "पण नाव सुनेचा लिव."

"म्हणजे?"

"आधी तिच्याच नावार आसा सगळा. तसाच चलान दी. ती जायत माझ्यावांगडा. माझा नाव नको. झील थय इलो तर? जावेक कळला तर?" मुलाला नाही, जावेला नाही, कुणालाच कळायला नको होतं तिला.

"अहो, असं नाही करता येत! वय काय लिहू? त्या कागदावर तिचं नाव असलं तर किरण तिला देतील. पोटुशीला! शिवाय खोटं नाव लिहिलं तर..." आणि मी थांबले. खोटं नाव लिहिलं तर माझी सनद जाईल, हे मी सांगणार होते. माझी सनद! त्या क्षणी ती मला इतकी फालतू वाटली. तरी कागदावर दुसरं नाव मी लिहिणार नव्हते, आणि त्याचं कारण भीती नव्हती. त्या पोरीच्या माथी या दुखण्यातलं आणखी काहीही मारायला मी तयार नव्हते.

सून मध्येच म्हणाली, "लिहा माझं. चालेल मला."

"तू गप गं!" मी तिच्यावर ओरडले. कुजबुजत ओरडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग सासूला म्हटलं, "बाहेर तुमची जाऊ बसलीय. तिने गावाकडे मुलगी बघून ठेवलीय, तुमच्या मुलासाठी. ही आजारी आहे म्हणून." हे त्या बाईने बाजारगप्पांत सांगितलेलं, दवाखान्यातलं गुपित नव्हे, एवढं सांगायला नियमाची आडकाठी नव्हती. "ही ठणठणीत आहे, हे मी बाहेर जाऊन ओरडून सांगितलं असतं. पण मला तोंड उघडता येत नाही. तिचं, तुमचं, कुणाचंच नाही. आम्हा डॉक्टरांच्या तोंडाला कुलूप असतं. तुमच्या नाही."

 सासू सुनेच्या हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्यांकडे बघत होती. बाहेर कंपाउंडर कुणाला तरी डोस समजावत होते. मग ती उठली, पदर नीट केला, आणि एका हाताने माझा पडदा कड्यांसकट बाजूला सारला.

"आयकल्यात काय गे?" बाकड्यावरच्या सगळ्या बायका दचकल्या. "दुखणा माझा आसा. गणपतीपासून अंगावर जाता ता माका. सुनेक नाय. तिची फडकी न्हय, माझी. तिका दिवस गेलेत. आणि तू," ती जावेकडे वळली, "गावची मुलगी तुझ्या घोवाक कर."

जावेचं तोंड उघडंच राहिलं. कंपाउंडरांच्या हातातली बाटली ओसंडून वाहू लागली तरी त्यांना कळलं नाही.

ती वळून माझ्या टेबलाशी आली. "आता लिव माझा नाव." तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गावाचंही सांगितलं. मी लिहिलं. 

ती परळला गेली. मुलगाच रजा काढून न्यायचा. किरणांनी अंग भाजल्यासारखं व्हायचं, जेवण जायचं नाही. पण रक्त थांबलं. श्रावण सरता सरता सुनेला मुलगी झाली, आणि बारशाला मला बोलावणं आलं.

मी गेले. खोली बायकांनी भरलेली, मध्ये पाळणा, घुगऱ्यांची परात. आजी कुठे दिसेना. बघते तो ती दाराबाहेर, उंबऱ्यापलीकडे जमिनीवर बसलेली. कुणी तिला बाहेर बस म्हटलं नव्हतं, पण आत ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. खरं बोलल्या दिवसापासून चाळीतल्या बायका तिच्या हातचं पाणी घेत नव्हत्या. चार दिवसांचा विटाळ पाचव्या दिवशी फिटतो. सोयर दहा दिवसांनी संपतं. पण जे रक्त थांबलं, त्याचा विटाळ किती दिवस धरायचा? याचा नियम कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून सगळ्यांनी सोयीचा तो धरला होता. मी आत काही बोलणार, तर माझ्या तोंडाला अजूनही कुलूपच. डॉक्टर म्हणून काय सांगायचं आणि कुणाचं?

पाळणा हलवून झाला, कानात नाव सांगून झालं. तोवर सून उठली. बाळंतपणाने अजून अशक्त होती, भिंतीला धरून चालत होती. पाळण्यातून तिने लेक उचलली आणि बायकांच्या मधून वाट काढत दाराकडे गेली. चुलतसासू म्हणाली, "अगं, कुठे चाललीस?" तिने वळून पाहिलं नाही. उंबरा ओलांडून ती सासूसमोर खाली बसली.

आजीने दोन्ही हात मागे घेतले. "शिवा नको गे बाये. माका शिवा नको."

सूनबाईने एका हाताने तिचा पांढरा हात ओढून पुढे घेतला. "शिवले. आता काय?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग लेक तिच्या मांडीवर ठेवली, दुपटं सारखं केलं आणि घुगऱ्या वाटायला आत आली.